बडोद्याच्या दांडिया बाजारातला 'खुर्चीवाला क्लास' : जिना वाईट, बाकी पैसे वसूल

आधी जिन्याबद्दल बोलते. गुडघेदुखीवाल्यांचा वर्ग, आणि तो भरतो जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर. जिना लाकडी, उभा, वळणावर अंधारा, कठड्याऐवजी जाड दोर. पहिल्यांदा गेले तेव्हा खाली ओटल्यावर बसलेल्या एका काकांना विचारलं, "वर व्यायामाचा क्लास आहे ना?" ते म्हणाले, "आहे ना. जो वर पोचला त्याचा अर्धा व्यायाम झाला." या भाड्यात दांडिया बाजारात दुसरी जागा मिळत नाही, असं वर्ग घेणाऱ्या सरांचं म्हणणं. असेल. पण पाचातला एक तारा मी त्या जिन्यापायी कापलाय.

वर्गाला पाटी नाही, नाव नाही. सगळे त्याला खुर्चीवाला क्लास म्हणतात, कारण वर गेलं की खुर्च्याच दिसतात. लाकडी, हात नसलेल्या, भिंतीला पाठ लावून ओळीने मांडलेल्या. प्लास्टिकची एकही नाही, तिचे पाय फरशीवर सरकतात म्हणून. आरसे नाहीत, मशिनं नाहीत. कोपऱ्यात जेवायला बसायचे चार पाट, रबरी पट्ट्या, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, आणि एक तेलाचा रिकामा डबा. डब्याबद्दल पुढे सांगते.

मी कारेलीबागेत राहते आणि घरातूनच फराळाचा आणि डब्यांचा धंदा करते. दिवसातला बराच वेळ ओट्यापाशी उभी. उजवा गुडघा कुरकुरायला लागला होता, आणि मुलगा टोरँटोला गेल्यापासून झोप गेली होती. बडोद्यात आता प्रत्येक सोसायटीत असं एखादं तरी घर असतं, त्यामुळे त्याचं फार रडगाणं गात नाही.

इथे येण्याआधी मैत्रिणीच्या आग्रहाने एका चकचकीत वेलनेस सेंटरमध्ये गेले होते. तिथे मशिनवर उभं केलं, कागद छापून निघाला, आणि कोट घातलेल्या मुलीने सांगितलं की माझ्या शरीराचं वय खऱ्या वयापेक्षा कितीतरी जास्त आहे. कागद संपायच्या आत सहा महिन्यांचं पॅकेज आणि पावडरचे तीन डबे टेबलावर. मी स्वतः माल विकते. गिऱ्हाइकाला आधी घाबरवून मग माल दाखवणाऱ्याकडे मी थांबत नाही.

सर पूर्वी केमिकल कारखान्यात होते. कंट्रोल रूममध्ये, पाळ्यांमध्ये, वीसहून जास्त वर्षं. ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी कोयली, बाजवा किंवा नंदेसरीच्या कारखान्यांकडच्या बसने जात आलंय त्यांना पाळ्या म्हणजे काय ते समजावायला नको. पन्नाशीच्या आत त्यांनी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती घेतली. कारण विचारलं तर मोठं भाषण नाही. रात्रपाळीने झोप, पोट आणि स्वभाव तिन्ही बिघडले, असं एकदा म्हणाले. बरोबरीची माणसं निवृत्त झाल्यावर वर्ष-दीड वर्षात सोफ्यावरून उठेनाशी होताना दिसली, असं दुसऱ्यांदा. मग आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षा दिली, ज्येष्ठांच्या व्यायामाचा वेगळा कोर्स केला, प्रथमोपचार आणि सीपीआर (हृदय थांबलं तर छाती दाबून जीव वाचवणं) शिकले. सर्टिफिकेटं भिंतीवर आहेत. सीपीआरच्या सर्टिफिकेटला मुदत असते, आणि ती संपायच्या आत नवं लागलेलं असतं. मी तारखा बघते. आपल्याकडे फिटनेस ट्रेनरची पाटी लावायला कुठलाच सरकारी परवाना लागत नाही. माझ्या घरच्या चकल्यांना एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, लोकांच्या मणक्याला हात घालायला काही लागत नाही. तेव्हा ज्याने न मागता परीक्षा दिल्या, त्याला माझ्याकडून मार्क.

बडोद्यात व्यायाम शिकवायचा म्हणजे जुम्मादादा व्यायाम मंदिर या जुन्या आखाड्याचं आणि तिथले गुरू राजरत्न माणिकरावांचं नाव येणारच. माझे सासरे तिथल्या लाठीच्या गोष्टी जेवताना सांगत. सरांचा आवडता विषय मात्र माणिकरावांचे एक विद्यार्थी, जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३, आपल्या डभोईचा. १९०७ ते १९१० माणिकरावांकडे शिकले, पुढे अमळनेरला शिक्षणाच्या कामात रमले, १९१९ मध्ये नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासजींकडे योग शिकायला पोचले, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढली. तेच स्वामी कुवलयानंद. एक्स-रे आणि दाब मोजायची उपकरणं घेऊन आसनं आणि क्रिया तपासणारा माणूस, हे सांगताना सरांचा चेहरा खुलतो. चाळिशी ओलांडून कुवलयानंदांनी वेगळा रस्ता धरला, हेही हळूच सांगून घेतात. नव्या माणसाला ऐकायला छान. आम्हा जुन्यांना पाठ झालंय, आणि तेवढ्या वेळात पायांचा एक सेट होऊन जातो.

आता वर्गात काय होतं ते. आल्यावर पाच मिनिटं गप्प बसायचं आणि मग बीपी. वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या पुढे गेला तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरकडे. यावरून एका काकांनी आवाज चढवलेला मी पाहिलाय. "फी भरली आहे," म्हणाले. सरांनी त्या दिवसाची फी पुढच्या महिन्यात वळती केली, पण खुर्चीवरून उठू दिलं नाही. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर मोजून यायचं, आणि ती ९० च्या खाली असली तर आधी काहीतरी खायचं. केळी आणि बिस्किटं कपाटात असतात.

मग उठबस. हात छातीवर घडी घालून खुर्चीवरून उभं राहायचं आणि बसायचं, ३० सेकंदांत किती वेळा ते मोजायचं. साधं वाटतं ना? करून बघा. पहिल्या दिवशी माझ्या मांड्या थरथरल्या, आणि शेजारच्या माझ्याहून मोठ्या बेन आरामात उठत होत्या. नंतर टाचा उचलणं, भिंतीला हात टेकून दंड, पाटावर चढ-उतर, रबरी पट्टी ओढणं, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या घेऊन हॉलच्या फेऱ्या. खंडेराव मार्केटमधून भाजी आणणाऱ्या बायकांना हा शेवटचा व्यायाम लगेच जमतो. एका पायावर उभं राहणं खुर्चीच्या पाठीला बोट लावून. जागतिक आरोग्य संघटना ६५ च्या पुढच्यांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम करा म्हणते. बॅच आठवड्यातून तीन दिवसच का, त्याचं कारण हेच. उरलेल्या दिवशी चाला, असा हुकूम. आठवड्याला १५० मिनिटं, आणि कमाटी बागेतल्या बाकावर बसून मारलेल्या गप्पा त्यात धरायच्या नाहीत.

शेवटी खुर्चीतच अनुलोम-विलोम आणि भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखा गुणगुणत सोडलेला श्वास. बीपीवाल्यांना कपालभाती नाही, मग टीव्हीवर कोणीही काहीही सांगो.

सगळं तीन भाषांत चालतं. "ऊभा थाओ. बसा. श्वास रोकशो नहीं, सोडा. अँड अगेन." सुरुवातीला हसू येतं, नंतर घरी कुकरची शिट्टी मोजतानाही तेच तोंडात येतं.

तेलाचा डबा. गुजरातेत राहणाऱ्यांना १५ किलोचा सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा डबा ठाऊक आहे. माझ्या धंद्यात तो खालून वर घ्यावाच लागतो, आणि कंबर धरल्यापासून मी शेजारच्या मुलाला हाक मारत होते. सरांना हे बोलता बोलता कळलं. पुढच्या वेळी कोपऱ्यात रिकामा डबा हजर. आधी रिकामा, मग त्यात पाण्याच्या बाटल्या, दर पंधरवड्याला थोड्या जास्त. गुडघ्यांऐवजी कमरेतून मागे जायचं, डबा पायांजवळ, पाठ सपाट, उचलताना श्वास बाहेर. गेल्या दिवाळीत मी माझे डबे स्वतः उचलले. शेजारच्या मुलाला अजून चिवड्याचं पाकीट देते, पण ते आता फुकट जातं. मला या वर्गाचं मोल इथे कळलं. मशिनवरचा आकडा न सांगता माणसाने माझ्या स्वयंपाकघरात काय अडतं ते विचारलं.

सरांची जुनी नोकरी सगळ्यात जास्त दिसते ती वहीत. कंट्रोल रूममध्ये पाळी संपताना लॉगबुक लिहून पुढच्याच्या हाती द्यायचं, तशी प्रत्येकाची वही. तारीख, बीपी, उठबस किती, दुखलं का, रात्री किती झोप. तिच्यात एक रकाना आहे, 'पडता पडता वाचले'. कारखान्यात होता होता टळलेला अपघातही लिहावा लागतो, कारण आज टळला तो उद्या होतो. इथेही तेच. एका काकांचा पाय चटईच्या दुमडलेल्या कडेत अडकला, शेजारच्याने धरलं, सगळे हसले. सरांनी हसून घेतलं आणि वहीत लिहिलं. पुढच्या वेळी हॉलमध्ये एकही चटई नव्हती. घरी कोण न्हाणीघरात घसरता घसरता वाचलं तेही विचारतात, आणि दुसऱ्या दिवशी त्या घरी रबरी मॅट घ्या म्हणून मुलाला फोन जातो. मी कितीतरी व्यायामशिक्षक पाहिले. पडलेल्याला उचलायला सगळे धावतात. न पडलेल्याची नोंद ठेवणारा हा एकच.

आता मनाची गोष्ट. मला वाटलं होतं इथे 'पॉझिटिव्ह राहा' छापाचं काहीतरी ऐकवतील, तसं काही नाही. महिन्यातून एकदा वहीत दोन प्रश्न असतात. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटेनासा झालाय का, आणि उदास, निराश वाटतंय का. उत्तर शून्य (अजिबात नाही) ते तीन (जवळजवळ रोज). हे प्रश्न सरांनी शोधलेले नाहीत, डॉक्टर लोक जगभर वापरतात. दोन्हींची बेरीज तीन किंवा जास्त झाली तर सर बाजूला घेऊन एवढंच म्हणतात, "हे माझ्या कामाचं नाही, पण कोणाच्या तरी कामाचं आहे." आणि एक चिठ्ठी देतात. त्यावर आपल्या फॅमिली डॉक्टरकडे जा असं, आणि खाली १४४१६. ही केंद्र सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट, चोवीस तास, अनेक भारतीय भाषांत. चिठ्ठीवर हेही असतं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठायचा तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का ते विचारा.

माझी बेरीज एकदा जास्त आली. कोणाचं काय आलं ते वर्गात कोणाला कळत नाही, हे मुद्दाम लिहिते. दांडिया बाजारात बातमी रिक्षापेक्षा लवकर पोचते म्हणून. फोन केला. गुजरातीत बोलले, अख्खा जन्म इथे गेला. पलीकडच्या बाईंना घाई नव्हती. मग डॉक्टरकडेही जाऊन आले.

झोपेचं मात्र सरांनीच सोडवलं, आणि ते त्यांच्या पाळ्यांच्या हिशोबातून. हिवाळ्यात टोरँटो आपल्या साडेदहा तास मागे. मुलगा संध्याकाळी सहाला घरी येऊन फोन करायचा, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. मी त्याच्या फोनसाठी तीनपासून जागी. सरांनी वही बघितली आणि म्हणाले, "ताई, तुम्ही तर कायमच्या रात्रपाळीला आहात. फोनची पाळी बदला." आता शनिवारी रात्री साडेनऊला तो बसतो, म्हणजे माझा रविवार सकाळचा आठ. चहा घेऊन निवांत बोलतो. मधल्या दिवशी मेसेज. सोपी गोष्ट आहे, पण घरातल्या कोणाला सुचली नव्हती. आमचे हे तर म्हणायचे, आईचं मन आहे, असंच असणार.

पैशांचं. महिन्याला १,२०० रुपये, बॅचमध्ये १२ जण, त्याहून जास्त घेत नाहीत. मी धंदेवाली असल्यामुळे थेट विचारलं की एवढ्यात भागतं का. पाच बॅच भरल्या तर महिन्याला ७२,०००, पण पाचही कधीच पूर्ण भरत नाहीत. हॉलचं भाडं, वीज, झाडू-पोछावाली बाई काढली की कारखान्यातल्या पगाराच्या बरंच खाली. पहिली दोन वर्षं घर बायकोच्या शाळेच्या नोकरीवर चाललं, हे ते स्वतःहून सांगतात. आमच्या बॅचमध्ये आईला सोडायला येणारी एक मुलगी विम्याच्या नोकरीला कंटाळून हेच करायचं म्हणत होती. मला वाटलं सर खूश होऊन तिला शिष्या करतील. त्यांनी विचारलं, "घरखर्चाचे किती महिने बँकेत आहेत?" मग सांगितलं की नोकरी सोडू नको, आधी रविवारी आणि पहाटे बागेत ज्येष्ठांना फुकट शिकव, वर्षभरात म्हातारी माणसं तुला कंटाळली नाहीत आणि तू त्यांना कंटाळली नाहीस तर पुढचं बोलू. आणि सीपीआर आज शिक, त्याला वर्ष लागत नाही. मुलीचा चेहरा पडला होता. पण आता ती दुपारच्या बॅचला वह्या भरायला येते, आणि नोकरीही चालू आहे.

कमी काय आहे? आहार. मला एक कागद हवा होता, काय खायचं आणि काय नाही. सर देत नाहीत. म्हणाले, आपल्या गावात महाराजा सयाजीराव विद्यापीठात अन्न आणि पोषणाचा अख्खा विभाग आहे, त्यात शिकलेल्यांकडे जा. तत्त्व म्हणून ठीक, पण गिऱ्हाइकाची एक फेरी वाढते. आहारतज्ज्ञ महिन्यातून एकदा इथेच का बसवत नाहीत, मी दोनदा सुचवलंय. संगीताच्या नावाने एकच पेन ड्राइव्ह आहे आणि त्यातली गाणी कोणाच्या लग्नातली आहेत कोण जाणे. लग्नसराईत संध्याकाळच्या बॅचला बँडवाल्यांमुळे भ्रामरी ऐकूच येत नाही. पार्किंगचं नाव काढू नका, सुरसागर तलावाकडे गाडी लावून चालत या. स्वच्छतागृह खाली आहे, म्हणजे परत तोच जिना. ज्यांना तो चढवतच नाही त्यांच्यासाठी सर खालच्या ओसरीत वेगळे बसतात, पण तीनचार माणसं मावतात, त्यासाठी आधी विचारावं लागतं.

नवरात्रात संध्याकाळची बॅच बंद. बडोद्यात दुसरं काही शक्यच नाही. पण भाद्रपदापासून सर गरब्याची तयारी घेतात, पोटऱ्या, घोटे, एका पायावर वळणं. गणपतीच्या दिवसांत आमच्या साठीच्या बायका टाळ्यांच्या तालावर पाटावर चढ-उतर करताना बघण्यासारख्या असतात. गेल्या वर्षी त्यातल्या काही जणी खऱ्या मैदानात उतरल्या. सुनांनी व्हिडिओ काढले.

सकाळी सातची आणि साडेआठची बॅच भरलेली असते, तिथे थांबावं लागेल. दुपारी चारला जागा मिळते आणि ती बॅच जास्त बोलकी आहे. पहिल्या दिवशी चालू गोळ्यांची नावं लिहून न्या, हृदयाचं किंवा सांधा बदलल्याचं काही असेल तर डॉक्टरची चिठ्ठीही, नाहीतर परत पाठवतात. साडी चालते, पण पदर खोचून. फी रोख किंवा यूपीआय, महिन्याच्या पाच तारखेच्या आत, आणि पावती न मागता मिळते.